भोगवर्धनाचे दाते आणि जालन्याच्या दंतकथा

जालना जिल्ह्याचा परिचय करून देणारे लेखन वाचावयास घेतले म्हणजे त्याची मांडणी बहुधा ठरलेली आढळते. आरंभी जालना हे रामायणकालीन जनकपूर असल्याची कथा येते. त्यानंतर अंबडची मत्स्योदरी, राजूरचा गणपती आणि १६०८ साली जांब येथे झालेला समर्थ रामदासांचा जन्म यांची वर्णने येतात. पुढे १८०३ च्या असईच्या लढाईचा उल्लेख होतो, आणि शेवटी बी-बियाणे, पोलाद व मोसंबी यांच्या जोरावर झालेल्या भरभराटीचे कौतुक करताना 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण उद्धृत केली जाते. हे सारे वाचून झाल्यावर वाचकाची अशी समजूत होते की, या भूमीत देव, संत, सरदार आणि व्यापारी एवढेच होऊन गेले. या भूमीशी बुद्धधम्माचा काही संबंध होता काय, आणि आजच्या बौद्ध वस्त्यांतील माणसांच्या परंपरेला या वर्णनात काही स्थान आहे काय, हे दोन प्रश्न त्याच्या मनात उद्भवतच नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही या परिचयपर लेखनाची समीक्षा करणार आहोत. मात्र ज्या मापाने आम्ही इतरांचे लेखन मोजणार आहोत, त्याच मापाने आमच्या स्वतःच्या समाजातील लेखनही मोजावे लागेल, हे आरंभीच नमूद करतो.

दंतकथांची तपासणी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी त्यातील बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, आणि परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. त्यामुळे जालन्याच्या दंतकथा प्रथम औरंगाबादच्या गॅझेटियरमधून छापील रूपात आल्या. निजाम सरकारच्या काळात १८८४ साली निघालेले गॅझेटियर आणि महाराष्ट्र शासनाने १९७७ साली प्रसिद्ध केलेले गॅझेटियर हे या विषयावरील बहुतेक लेखनाचे उगमस्थान होय. गॅझेटियरकारांनी ऐकलेली कथा 'असे सांगतात' एवढ्या पुस्तीसह नोंदविली. पुढील लेखकांनी ती पुस्ती गाळली आणि कथा इतिहास म्हणून सांगितली. सांगीव गोष्टीचे प्रमाणात रूपांतर होण्याची ही क्रिया ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता जनकपूरची कथा पाहू. सीता येथे राहत होती, येथे रामाचा वाडा होता आणि म्हणून गावाला जनकपूर म्हणत, असे कथा सांगते. परंतु जनक हा सीतेचा पिता, आणि त्याची मिथिला आजच्या बिहार-नेपाळच्या सीमाप्रदेशात मानली जाते. रामाचा वाडा असलेल्या गावाला सासऱ्याचे नाव का मिळावे, याचे उत्तर कथेत नाही. त्यातही रामकथा एकच नाही. जातकसंग्रहातील ४६१ व्या क्रमांकाच्या दशरथ जातकात तीच कथा अगदी निराळ्या रूपात येते, आणि तेथे सीता ही रामाची बहीण आहे. जी कथा स्वतःच अनेकरूप आहे, तिच्या आधारावर एखाद्या नगराचा जन्मकाळ ठरविता येत नाही.

या कथेचा उत्तरार्ध मात्र आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. जातीने जुलाहा, म्हणजे विणकर, असलेल्या एका धनिक मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून गावाचे नाव जालना पडले, असे ती सांगते. ही व्युत्पत्तीही खरी असेलच असे नाही. तथापि लोकांच्या स्मृतीने नगराचे नाव एका विणकराशी जोडले, यावरून या बाजारपेठेची उभारणी कोणाच्या हातांनी झाली याची जाणीव लोकांना होती, एवढे दिसते. परिचयपर लेखनात जनकपूर सविस्तर येते आणि जुलाहा एका वाक्यात उरकला जातो. कोणत्या अर्ध्या कथेला पान द्यावयाचे आणि कोणत्या अर्ध्या कथेला ओळ, ही निवड निर्हेतुक नसते.

भोकरदनच्या दंतकथेचीही तीच स्थिती आहे. हे गाव भौमासुराची राजधानी होते, असे स्थानिक परंपरा सांगते. भौमासुर म्हणजेच नरकासुर. पुराणांनुसार त्याची राजधानी प्राग्ज्योतिषपूर, म्हणजे आसामकडील प्रदेश. मग तो केळणा नदीच्या काठी कसा आला? आमच्या मते नामसादृश्याने ही कथा येथे ओढून आणली असावी. गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. त्या नावाचा अर्थ विस्मरणात गेल्यावर नवे स्पष्टीकरण आवश्यक झाले आणि पुराणातून एक असुर उसना घेण्यात आला. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) असुरकथांकडे पराभूतांचा इतिहास म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. त्या दृष्टीने पाहता, ज्या नगराचा खरा इतिहास पुसला गेला त्याच्या वाट्याला असुराची राजधानी हे बिरुद यावे, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. परंतु दृष्टी हा पुरावा नव्हे. पुरावा जमिनीत आणि शिलालेखांत शोधावा लागतो, आणि भोकरदनच्या बाबतीत तो उपलब्ध आहे.

भोगवर्धनाची साक्ष

१९७३ च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्तपणे भोकरदन येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील समृद्ध नगराचे अवशेष तेथे उजेडात आले. नाणी, मणी, मृण्मूर्ती यांबरोबरच हस्तिदंती कोरीवकामाचा एक महत्त्वाचा नमुना मिळाला. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी त्याचे निकटचे साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार पोहोचली होती. या साम्यावरून पाँपेईची मूर्ती भोकरदन किंवा तेर या भागात घडविली गेली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. पैठण आणि तेर येथील माल भडोच बंदराकडे जात असे, हे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहेच.

परंतु आमच्या वाचकांच्या दृष्टीने याहून मोठी साक्ष सांचीची आहे. सांची येथील स्तूपाच्या कठड्यावर व फरसबंदीवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवढनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. भोगवढन म्हणजेच भोगवर्धन हे अभ्यासकांना मान्य आहे. भोकरदनपासून सांची सरळ रेषेतच सुमारे चारशे किलोमीटर आहे. एवढ्या दूरच्या स्तूपासाठी या गावच्या माणसांनी आपल्या कमाईतून दान दिले आणि दगडावर स्वतःच्या नावासोबत गावाचेही नाव कोरवून घेतले. ही माणसे राजे नव्हती. सांचीच्या दानलेखांत राजांपेक्षा गृहस्थ, स्त्रिया, व्यापारी, कारागीर, भिक्खू आणि भिक्खुणी यांचीच संख्या मोठी आहे. जालना जिल्ह्यातील सामान्य माणसांनी स्वतःच्या नावाने मागे ठेवलेल्या सर्वांत जुन्या लेखी खुणांत या लेखांची गणना करावी लागेल.

असे असूनही परिचयपर लेखनात भौमासुर येतो आणि सांचीचे दाते येत नाहीत. उत्खननाचा उल्लेख आलाच, तर तो 'येथे प्राचीन अवशेष सापडले' एवढ्या निर्जीव वाक्यात येतो. येथून तीस-पस्तीस किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. भोगवर्धनसारख्या बाजारपेठा, त्यांतून जाणारे मार्ग आणि त्या मार्गांवरील उपासक यांच्या आधाराशिवाय डोंगरातील भिक्खुसंघ जगू शकला नसता. अजिंठा जगाने पाहावा आणि अजिंठ्याला जगविणारा सखल प्रदेश असुराच्या नावाने ओळखला जावा, हा विपर्यास आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भोगवर्धन हे केवळ बौद्धांचे नगर होते, असे आम्ही म्हणत नाही. तेथे मातृदेवतांची उपासना होती, आणि लज्जागौरीच्या प्रतिमांच्या संदर्भात भोकरदन व तेर यांचा निर्देश अभ्यासक करतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' (१९७८) हा ग्रंथ या उपासनेचे मूळ किती खोल आहे ते दाखवितो. सातवाहन राजघराण्याने वैदिक यज्ञ केले, याची ग्वाही नाणेघाटचा लेख देतो. त्याच घराण्यातील गौतमी बलश्रीने नाशिकला भिक्खुसंघाला लेणे दिले. समाज मिश्र होता. त्या मिश्र समाजातील एक धारा पुढील काळाच्या स्मृतीतून कशी नाहीशी झाली, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो सरसकट दाव्यांनी सुटणारा नाही.

गोदाकाठची गाथा

जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांचा गोदाकाठ परिचयपर लेखनात तीर्थक्षेत्रांसाठी येतो. परंतु या नदीच्या काठावर सुरू होणारी एक कथा पालि वाङ्मयात आहे, तिचा निर्देश कोणी करीत नाही. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण अस्सक देशात, अळकाच्या सीमेनजीक, गोदावरीच्या काठी राहत असल्याचे सांगितले आहे. पाचशे नाण्यांची मागणी पुरी न झाल्याने एक याचक त्याला, सातव्या दिवशी तुझे मस्तक सात शकले होऊन फुटेल, असा शाप देतो. भयभीत झालेला बावरी आपल्या सोळा शिष्यांना बुद्धाकडे पाठवितो. ते पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, सावत्थी अशा मार्गाने मगधापर्यंत चालत जातात. मस्तक म्हणजे अविद्या आणि ते फोडणारी ती विद्या, असा अर्थ बुद्ध त्यांना उलगडून सांगतात.

शापाच्या भीतीवर ज्ञानाने केलेली ही मात आमच्या मते मराठवाड्याच्या भूमीशी जोडलेली सर्वांत सुंदर कथा होय. शाप देणारा आणि शापाने घाबरणारा हे दोघेही पुराणकथांत पदोपदी भेटतात. मात्र येथे उःशाप मिळत नाही, तर शापाच्या शब्दाचाच अर्थ पालटतो आणि भीतीचे मूळच उपटले जाते. वृद्ध पिंगिय देहाने थकलेला असूनही प्रश्न विचारण्यासाठी चालत जातो आणि परत येऊन आपल्या गुरूला बुद्धाविषयी सांगतो. असईच्या रणभूमीवर जाण्याची वाट प्रवाशाला सांगितली जाते, त्याचप्रमाणे या सोळा जणांची वाटही त्याला सांगितली गेली पाहिजे.

परंतु ज्या कसोटीवर आम्ही जनकपूर घासले, तीच येथेही लावू. पारायनवग्गातील प्रश्नोत्तरे अतिप्राचीन आहेत, मात्र बावरीची प्रास्ताविक कथा, म्हणजे वत्थुगाथा, मागाहून जोडली गेली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. चूळनिद्देस ही प्राचीन टीका प्रश्नांवर भाष्य करते, वत्थुगाथांवर करीत नाही, हे त्याचे एक कारण आहे. बावरीच्या आश्रमाचे गाव ग्रंथ सांगत नाही, आणि तेलंगणातील अभ्यासकही आपल्याकडील गोदाकाठाचा दावा करतात. तेव्हा 'बावरी आमच्याच तालुक्यातला' असे म्हणणे म्हणजे नवे जनकपूर वसविणे होय. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, ज्यांनी ही गाथा रचली त्यांना गोदावरी, पैठण आणि उत्तरेकडे जाणारा मार्ग परिचित होता, आणि बुद्धाला प्रश्न विचारणारी माणसे दक्षिणेतून येऊ शकतात, असे त्यांना स्वाभाविक वाटत होते. हेही काही कमी नाही.

लोकपरंपरा कोणाची?

परिचयपर लेखनाचा दुसरा दोष लोकपरंपरेच्या वर्णनात आहे. काळी कसदार जमीन, कपाशी आणि ज्वारीची शिवारे, पोळा, जत्रा, नवरात्र, पालखी असे एक रम्य चित्र रंगविले जाते. गाव म्हणजे एकोप्याने नांदणारे कुटुंब, अशी त्यामागची धारणा असते. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने ग्रामव्यवस्थेतील कामे आणि हक्क यांची बारकाईने नोंद केली. परंतु त्या गाड्याचे जू ज्याच्या मानेवर होते त्याला काय वाटत होते, हा त्या नोंदीचा मुख्य विषय नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या या गौरवावर कठोर टीका केली आणि खेड्याऐवजी व्यक्ती हा संविधानाचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यांच्या या टीकेमागे ग्रंथांचा अभ्यास होता, तसाच अनुभवही होता.

ज्याला लोकपरंपरा म्हणून गौरविले जाते, तीत आमच्या पूर्वजांना ठरवून दिलेले स्थान होते. मरीआईचा गाडा गावाबाहेर ओढून नेणे, रेड्याच्या बळीची कामे, मेलेली ढोरे ओढणे, रात्री वेशीची राखण करणे ही त्यांची 'परंपरा' होती. जत्रेत वाजविण्याचा मान त्यांचा, आणि देवळाची पायरी मात्र वर्ज्य. अशा परंपरेचे वर्णन करताना केवळ ढोलांचा नाद आणि भंडाऱ्याचा रंग टिपणारा लेखक अर्धेच दृश्य पाहतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या समाजाने या कामांकडे आणि त्यांमागील दैवतांकडे पाठ फिरविली. परिचयपर लेखनात ही गोष्ट परंपरेचा ऱ्हास म्हणून येते, किंवा येतच नाही. आमच्या मते तो एका परंपरेचा निर्धारपूर्वक केलेला त्याग होता, आणि त्यागातूनही परंपरा निर्माण होते.

ती नवी परंपरा आता सहा-सात दशकांची झाली आहे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन, वैशाख पौर्णिमा, १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरचे अभिवादन, गायनपार्ट्यांचे सामने, वामनदादा कर्डक यांच्या गीतांनी जागविलेल्या रात्री, हे सारे आज खेड्यापाड्यांत रुजले आहे. जिल्ह्यातील जत्रा-उत्सवांच्या याद्यांत यांची नोंद क्वचितच सापडते. जात्यावरच्या ओव्याही बदलल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत गोदावरीच्या पलीकडील, बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर रचलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ साली झाले. ज्या बायांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांनी जात्याच्या घरघरीवर धम्मक्रांतीचा इतिहास नोंदविला. जालन्याच्या वस्त्यांतील अशा ओव्या गाणाऱ्या वृद्ध स्त्रिया एकेक करून निघून जात आहेत, आणि त्यांचे गाणे टिपून घेण्याचे काम आपले आहे.

आपल्या लेखनातील दोष

आता आमच्या समाजातील लेखनाविषयी. प्रत्येक जुन्या देवळाखाली विहार होता, प्रत्येक देवी ही बुद्धाची मूर्ती होती, असे विधान करण्याची घाई अलीकडे वाढली आहे. शतकानुशतके ज्यांचा इतिहास हिरावला गेला, त्यांची ही तहान आम्ही समजू शकतो. परंतु तहान लागली म्हणून मृगजळ पिता येत नाही. एक उदाहरण घेऊ. अंबडची दंतकथा अशी की, राज्यकारभाराला कंटाळलेला एक राजा सिंहासन सोडून डोंगरातील गुहेत राहावयास गेला, आणि त्याच्याच नावावरून गावाला अंबड हे नाव पडले. गृहत्याग, गुहा आणि डोंगर हे तीन शब्द ऐकताच आपल्यापैकी कोणीही म्हणेल की, ही तर एखाद्या भिक्खूची आठवण आहे. तसे असणे अशक्य नाही. परंतु शिलालेख नाही, लेण्याचा आराखडा तपासलेला नाही, उत्खनन नाही, अशा स्थितीत ते विधान करणे म्हणजे भौमासुराच्या कथाकाराचाच मार्ग पत्करणे होय. डोंगर माशाच्या आकाराचा दिसतो म्हणून देवी मत्स्योदरी, ही लोकबुद्धी समजण्यासारखी आहे. तिच्या पोटात जबरदस्तीने आपला इतिहास कोंबण्याचे कारण नाही.

कालामसुत्तात तथागतांनी केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, 'असे होते म्हणे' म्हणून, किंवा ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असे सांगितले. यांपैकी इतिकिरा, म्हणजे वदंता, हा शब्द दंतकथांच्या अभ्यासकाने सतत डोळ्यांपुढे ठेवावा. हा उपदेश कालामांना इतरांच्या मतांपुरता दिलेला नव्हता. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) लिहिताना, जेथे दुवे तुटले आहेत तेथे कल्पना आणि तर्क यांचा आधार घ्यावा लागतो, हे मान्य केले. मात्र आपण अनुमान कोठे करीत आहोत, हे त्यांनी वाचकापासून लपविले नाही. अनुमान करण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, आणि त्याला अनुमान म्हणण्याचे बंधनही आहे. डी. डी. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी'त (१९६२) लेणी, व्यापारी वाटा आणि देवींची ठाणी यांचा परस्परसंबंध पायी हिंडून, जागा पाहून मांडला. असे श्रम न घेता काढलेला निष्कर्ष विरोधकाच्या एका फुंकरीने उडून जातो, आणि त्याबरोबर भोगवर्धनाच्या दात्यांसारखा पक्का पुरावाही संशयास्पद ठरविला जातो. आमची खरी हानी तेथे होते.

आणि ही हानी केवळ शब्दांची नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडांना आपल्याकडे पांढर म्हणतात. माळवदावर घालण्यासाठी आणि शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या उपसली गेली. त्या मातीबरोबर खापरे, मणी, नाणी आणि कदाचित कोरलेले दगडही निघून गेले. एक दंतकथा खोडून दुसरी सांगण्यात आपण वर्ष घालविले, तर तेवढ्या वर्षाची पांढर कमी होते. म्हणून आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या विहारांतील तरुणांनी वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर आपल्या गावच्या पांढरीची, जुन्या दगडांची, नावांची आणि गाण्यांची नोंद करावी. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहावे, जे ऐकले ते ऐकले म्हणून लिहावे, आणि जे वाटले ते वाटले म्हणून लिहावे. सापडलेली वस्तू घरी नेऊ नये, पुरातत्त्व विभागाला कळवावे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केळणेच्या काठच्या काही माणसांना वाटले की, आपले आणि आपल्या गावाचे नाव सांचीच्या दगडावर असावे. त्यांनी कोणत्याही देवाचा वा असुराचा आधार घेतला नाही, आपले दान आणि आपले नाव एवढेच त्यांनी लिहिले. त्यांच्या या साध्या लेखाइतके खरे आणि तितकेच नेमके लिहिणे, हीच त्यांना वाहिलेली योग्य आदरांजली ठरेल.